संस्कृतचे प्राध्यापक, क्रिकेटचे कर्णधार
(तृतीय वर्ष, वाणिज्य शाखा)

'देवधर करंडक' हे शब्द वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर वाचले नाहीत असा क्रिकेटचा शौकीन विद्यार्थी क्वचितच सापडेल. पण ते देवधर कोण, असे आमच्या वर्गात विचारले तेव्हा निरनिराळी उत्तरे मिळाली. कोणी म्हणाले संस्थानिक असावेत, कोणी म्हणाले क्रिकेट मंडळाचे कुणी श्रीमंत अध्यक्ष असावेत. रणजी आणि दुलीप हे राजघराण्यातले, तेव्हा तिसरेही त्याच पंगतीतले असणार हा तर्क काही अगदीच चुकीचा नव्हता. वास्तविक प्रा. दिनकर बळवंत देवधर हे पुण्याच्या एका महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे गृहस्थ होते. राजवाडा नाही, जहागीर नाही. सकाळी कालिदास आणि संध्याकाळी क्रीडांगण, असा त्यांचा जमाखर्च होता, आणि दोन्ही बाजू जुळवून त्यांनी तो कित्येक वर्षे चालवला.

अमेरिकेत महाविद्यालयाच्या संघाला पगारी मुख्य प्रशिक्षक असतो. बेसबॉल, बास्केटबॉल, मुलींचा सॉफ्टबॉल, प्रत्येक खेळाचा वेगळा. संघ हरला की त्याची नोकरी जाते आणि संघ जिंकला की त्याचे नाव क्रीडांगणाला देतात. शिकागो शहरात १८८७ साली बंद दिवाणखान्यात जन्मलेला सॉफ्टबॉल आज आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतही खेळला जातो. पण मुख्य प्रशिक्षक हा मनुष्य काही त्याच्याबरोबर आलेला नाही. आपल्याकडे ती जागा बहुधा एखाद्या हौशी प्राध्यापकाने भरलेली असते. ते तास संपवून, हातावरचा खडू झटकून मैदानावर येतात. त्यांना त्याचे वेगळे वेतन नसते, आणि संघ जिंकला तर छायाचित्रात उजवीकडची खुर्ची मिळते, एवढेच. या परंपरेतले सर्वांत मोठे नाव शोधायचे झाले तर मला तरी देवधरांशिवाय दुसरे सुचत नाही.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास, पुण्यात झाला. तेव्हाचे पुणे दोन होते. एक लष्कराचे, जेथे पूना जिमखान्यावर गोरे साहेब क्रिकेट खेळत. दुसरे पेठांचे, जेथे पोरे तोच खेळ जमेल त्या फळीने आणि जमेल त्या चेंडूने खेळत. या दोन पुण्यांच्या मधल्या रेषेवर बाळू पाळवणकर नावाचा एक असामान्य गोलंदाज उभा होता. पूना जिमखान्यावर महिना चार रुपये पगारावर खेळपट्टी झाडणे, जाळी ठोकणे ही त्याची कामे. आणि साहेबांना सराव हवा म्हणून तासन् तास चेंडू टाकणे हेही त्यातच आले. चर्मकार समाजातील या तरुणाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी मिळवले. त्याच १९११ च्या हंगामात एकोणीस वर्षांच्या देवधरांनी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये पाऊल टाकले. म्हणजे आपल्यातला एखादा पदवीच्या वर्गातला मुलगा ज्या वयात पुनर्परीक्षेचा अर्ज भरत असतो, त्या वयात.

त्या काळातल्या मोठ्या स्पर्धा धर्मावर आधारलेल्या होत्या. युरोपियन, पारशी आणि हिंदू असे तिरंगी सामने १९०७ पासून सुरू झाले, १९१२ मध्ये मुसलमान संघ आल्यावर ते चौरंगी झाले आणि १९३७ मध्ये पंचरंगी. देवधर हिंदू संघातून खेळत. या संघाच्या इतिहासातले एक पान मात्र त्यांच्या चरित्रात वगळून पुढे जाता येत नाही. १९२० साली बाळूंना संघातून वगळले गेले आणि कर्णधारपदावर पाळवणकर बंधूंचा हक्क असताना तो डावलला गेला. तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळण्यास चक्क नकार दिला. लोकमताचा रेटा एवढा आला की अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलवावे लागले. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल पाळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला. देवधर हे पुण्याच्या ब्राह्मण समाजातले, सुशिक्षित, प्राध्यापक. त्यांना दार उघडे होते. ज्याच्या चेंडूवर गोऱ्या साहेबांनी फलंदाजी सुधारली त्याला मात्र ते ठोठावावे लागले. देवधरांच्या थोरवीला याने उणेपणा येतो असे मला वाटत नाही, पण ज्या मैदानावर ते मोठे झाले ते मैदान सर्वांसाठी सपाट नव्हते हे सांगितल्यावाचून त्यांचे चरित्र पुरे होत नाही.

आता महाविद्यालयाकडे वळू. पुण्यात शिक्षण प्रसारक मंडळीने १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज काढले. पुढे त्याला सर परशुरामभाऊ महाविद्यालय असे नाव मिळाले, आणि आज सारे त्याला एस. पी. म्हणून ओळखतात. हे परशुरामभाऊ म्हणजे जमखंडीचे संस्थानिक पटवर्धन. जमखंडी आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनी याची नोंद घ्यावी. पुण्यातल्या पक्क्या मराठी महाविद्यालयाच्या पाटीवर कन्नड मुलखातल्या राजाचे नाव आहे! घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी अशी वाढलेल्या माझ्यासारखीला ही पाटी फार आवडते. आपल्या गोमंतकाचाही त्या गावाशी संबंध आहे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि १९६२ मध्ये पणजीला व मडगावला महाविद्यालये निघाली. तोवर पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या मराठी शाळेतून शिकलेल्या मुलाला पदवी हवी असेल तर सरहद्द ओलांडून बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई यांपैकी एखादे गाव गाठावे लागे. पेडण्याहून तर तेरेखोल नदीपलीकडचा सावंतवाडीचा मुलूख हाकेच्या अंतरावर, पण मध्ये पोर्तुगीज चौकी.

तर अशा त्या महाविद्यालयात देवधर संस्कृतचे प्राध्यापक होते. संस्कृत आणि क्रिकेट ही जोडी आपल्याला विनोदी वाटते. धातुरूपे पाठ करून घेणारा माणूस कव्हर ड्राइव्ह काय शिकवणार? मला उलट वाटते. ज्याने व्याकरण शिकले आणि शिकवले त्याला एक गोष्ट ठाऊक असते, की रोज थोडे घोकल्यावाचून काही येत नाही आणि एकदा पक्के झाले की ते जन्मभर सुटत नाही. फलंदाजीतले पायाचे काम याहून वेगळे नाही. देवधर तासाला काय बोलत, सरावाला काय बोलत, याच्या दंतकथा मी येथे सांगत नाही. त्यांच्या शिकवण्याचा पुरावा त्यांच्या स्वतःच्या कारकिर्दीतच पडलेला आहे: पन्नाशी जवळ आल्यावर त्यांनी जे केले ते नुसत्या अंगभूत गुणावर होत नाही, त्याला रोजचा व्यायाम, आहाराचे पथ्य आणि वेळेवर झोप लागते. ज्या विद्यार्थ्याने आपल्या प्राध्यापकाला त्या वयात स्वतः मैदानावर घाम गाळताना पाहिले त्याला निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने पोटापाण्याचा प्रश्न विचारावा हे ओघाने आलेच. त्या काळी क्रिकेटवर कोणाचे घर चालत नसे. मग मोठे खेळाडू जगत कशावर? सी. के. नायडू होळकरांच्या सैन्यात होते. सांगलीचे विजय हजारे पुढे बडोद्याच्या महाराजांच्या पदरी गेले. बाळूंची सुरुवात आपण पाहिलीच. ज्याला राजाश्रय नको किंवा मिळत नाही, त्याला नोकरी पाहायची आणि उरलेल्या वेळात खेळायचे एवढाच मार्ग. त्यात महाविद्यालयाची नोकरी एका अर्थी उत्तम होती. सुट्ट्या भरपूर, मैदान जवळ, आणि सरावाला दरवर्षी नवी मुले. पण राजा मर्जी फिरली की काढून टाकतो, तसे महाविद्यालयात होत नाही. देवधर कोणाच्याही पदरी नव्हते. पुढे निवड समितीवर आणि मंडळावर असताना त्यांची मते ठाम असत असे म्हणतात, त्याचे मूळ मला या पगारपत्रकात दिसते.

१९२६-२७ च्या हंगामात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी. चा संघ हिंदुस्थानात आला. ज्या इंग्रजांनी हा खेळ शिकवला त्यांचा हा मातब्बर संघ. डिसेंबरच्या पहिल्या दिवशी मुंबईच्या जिमखान्यावर हिंदू संघाकडून नायडूंनी १५३ धावा काढल्या, त्यांत अकरा षट्कार. गच्च्यांवर आणि झाडांवर चढून लोकांनी तो खेळ पाहिला आणि त्याची वर्णने अजून चालू आहेत. त्याच महिन्यात त्याच शहरात अखिल हिंदुस्थानच्या संघाकडून देवधरांनी १४८ धावांची खेळी केली. तिची वर्णने फार कमी वाचायला मिळतात. नायडूंची खेळी वादळासारखी होती आणि वादळाची गोष्ट सांगायला सोपी असते. पण नीट पाहिले तर १४८ धावांचे मोलही लहान नव्हते. नायडूंचे शतक हिंदूंच्या संघासाठी होते. देवधरांचे शतक साऱ्या देशाच्या संघासाठी होते, ज्यात सर्व धर्मांचे खेळाडू होते. या दोन खेळ्यांनी इंग्रज पाहुण्यांची आणि त्याहून अधिक आपल्या लोकांची खात्री पटवली की बरोबरीने खेळण्याइतके आपण तयार आहोत. १९२८ च्या डिसेंबरात भारतीय क्रिकेट मंडळ स्थापन झाले आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला.

त्या सामन्यात देवधर नव्हते. पुढेही कधी नव्हते. ज्याच्या बॅटने कसोटीचा रस्ता बांधायला मदत केली त्याला त्या रस्त्याने जाता आले नाही. १९३२ मध्ये त्यांचे वय चाळीस होते. कर्णधार नायडू छत्तीस वर्षांचे होते, म्हणजे अंतर चार वर्षांचेही नाही. पण निवड करणाऱ्यांच्या मनात चाळीस या आकड्याची भिंत असते. दौऱ्यावर गेलेल्या संघाचे नेमलेले कर्णधार पोरबंदरचे महाराज होते. महाराजांचे मैदानावरचे कर्तृत्व बेताचेच, आणि हे त्यांना स्वतःलाही माहीत असल्यामुळे त्यांनी कसोटीसाठी नायडूंना पुढे केले, हे त्यांना शोभलेच. पण जेथे कर्णधाराची जागा राजमुकुट पाहून दिली जाते तेथे चाळिशीच्या संस्कृत शिक्षकाची आठवण कोणाला व्हावी? चाळीस वर्षांचा फलंदाज खरोखरच उतरणीला लागला होता का, याचा निकाल पुढच्या बारा वर्षांनी दिला, आणि तो निवड करणाऱ्यांच्या विरुद्ध गेला.

१९३४ मध्ये रणजी करंडकाची स्पर्धा सुरू झाली. धर्माऐवजी प्रांतावर संघ बांधण्याची ही कल्पना. महाराष्ट्राचा संघ निराळा, मुंबईचा निराळा. मुंबईकडे पैसा, गिरण्या, बँका, नामांकित जिमखाने आणि विजय मर्चंटांसारखे फलंदाज. महाराष्ट्राच्या संघाकडे पुणे, सांगली, कोल्हापूर आणि आसपासची संस्थानी गावे, तेथून येणारी मुले, आणि बेचाळीस वर्षांचा एक कर्णधार. आजच्या भाषेत तो कर्णधारही होता आणि प्रशिक्षकही. त्या काळी संघाबरोबर वेगळा प्रशिक्षक, व्यायामतज्ज्ञ, धावा मोजून सल्ला देणारा संगणक असे काही नसे. कोणाला कोणत्या क्रमांकावर पाठवायचे, कोणाच्या मनातली भीती कशी घालवायची, हे सारे एकाच डोक्यात. वर्ग सांभाळण्याचा अनुभव असलेल्या माणसाला हे इतरांपेक्षा सोपे गेले असेल.

पहिली काही वर्षे हात रिकामेच राहिले. मग १९३९-४० चा हंगाम आला. पुण्यात बडोद्याविरुद्ध चोवीस वर्षांच्या हजाऱ्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक. त्यातली गंमत म्हणजे नवव्या गड्यासाठी त्यांनी नगरवाला यांच्याबरोबर २४५ धावांची भागी केली. आठ गडी बाद झाल्यावर दोनशे पंचेचाळीस! शेपटाला बॅट धरायला शिकवणारा कर्णधार असला म्हणजे असे होते. त्या वर्षी अंतिम सामना पुण्यातच झाला आणि महाराष्ट्राने संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवले. प्राध्यापक अठ्ठेचाळीस वर्षांचे झाले होते.

पुढल्या हंगामात पुण्याला मुंबईशी गाठ पडली. या सामन्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्या काळचे रणजी क्रिकेट म्हणजे काय हे त्यातून कळते. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त तो संघ पुढच्या फेरीत जाई. त्यामुळे खरी लढाई पहिल्या डावाची. चांगल्या खेळपट्टीवर दोन्ही बाजूंना एकच ध्यास: बाद व्हायचे नाही. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या. त्यात देवधरांच्या एकट्याच्या २४६. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, उन्हात, मुंबईच्या गोलंदाजीपुढे. मुंबईने उत्तर दिले ते ६५० धावांचे. तेराशे पंचवीस धावा झाल्या आणि निकाल लागला पंचवीस धावांनी! आम्ही ताळेबंद शिकतो तेव्हा सर सांगतात की लाखांच्या उलाढालीत नफा शेवटी एका लहान आकड्यात दिसतो. हा सामना त्याचे उत्तम उदाहरण आहे. कर्णधार दहा धावा कमी करून परतला असता तरी चालले असते, पण तीस कमी करून परतला असता तर महाराष्ट्र घरी बसला असता.

असे क्रिकेट कंटाळवाणे असते, अशी टीका तेव्हाही होत असे आणि तीत तथ्य आहे. मलाही पाच दिवस तो सामना बघत बसायला जमले नसते. परंतु दुबळ्या समजल्या गेलेल्या संघाने बलाढ्य संघाला हरवायचे तर चमकदार फटके हा मार्ग नसतो. खेळपट्टीवर ठाण मांडणे हा असतो. त्या हंगामात महाराष्ट्राने मद्रासला जाऊन अंतिम सामना सहा गडी राखून जिंकला. करंडक लागोपाठ दुसऱ्यांदा पुण्याला आला. त्यानंतर महाराष्ट्राचा संघ १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या वर्षी अंतिम फेरीत पोचला आणि तिन्ही वेळा हरला. शेवटच्या वेळी हरवणारे कर्नाटकाचे होते, हे लिहिताना आमच्या घरातल्या निम्म्या मंडळींचा आनंद मला डोळ्यांपुढे दिसतो.

येथे कोणी थांबला असता. देवधर थांबले नाहीत. १९४४-४५ च्या हंगामात नवानगरच्या संघाविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात दोन शतके केली, १०५ आणि १४१. वय बावन्न. पन्नाशी उलटलेला मनुष्य प्रथम दर्जाच्या सामन्याच्या दोन्ही डावांत शतक करतो, याला साऱ्या जगातच उदाहरणे शोधावी लागतात. नवानगर म्हणजे रणजींचेच संस्थान, ज्यांच्या नावाने ही स्पर्धा होती. १९३२ साली ज्यांनी त्यांना म्हातारे ठरवले असेल त्यांनी या आकड्यांकडे कसे पाहिले असेल कोण जाणे.

त्यांची कारकीर्द १९४७-४८ च्या हंगामापर्यंत चालली. सारा हिशेब असा: ८१ सामने, ४५२२ धावा, सरासरी ३९.३२, शतके नऊ. ही सरासरी पाहून आजचा तरुण नाक मुरडेल. पण थोडे गणित करावे. छत्तीस वर्षांत एक्याऐंशी सामने, म्हणजे वर्षाला सव्वादोन. बाकी वर्षभर महाविद्यालयाच्या मैदानावरचा सराव आणि स्थानिक सामने. आजचा रणजी खेळाडू एका हंगामात सात-आठ सामने सहज खेळतो आणि दहा-अकरा वर्षांत एवढी मजल मारतो. ज्याला दोन सामन्यांमध्ये महिनोन् महिने वाट पाहावी लागते त्याला सूर गवसला असे म्हणायची सोयच नसते. दर वेळी पाटी कोरी.

त्यांच्या घरातली एक गोष्ट मला क्रिकेटपेक्षाही महत्त्वाची वाटते. सुंदर, सुमन आणि तारा या त्यांच्या मुली बॅडमिंटन खेळत. १९४० च्या दशकात या बहिणींनी राष्ट्रीय अजिंक्यपदे पुण्यात आणली. त्या दशकात मुलीने उघड्या मैदानावर पळणे हेच मुळी चर्चेचा विषय होई. शेजारी काय म्हणतील, लग्न कसे जमेल, हे प्रश्न तेव्हा होते आणि आमच्या डिचोली-पेडण्याकडच्या वाड्यांवर ते पुरते संपलेत असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. बारावीपर्यंत धावणारी, चेंडू फेकणारी मुलगी महाविद्यालयात आल्यावर एकाएकी प्रेक्षकांत जाऊन बसते, हे आम्ही दरवर्षी पाहतो. सॉफ्टबॉलच्या संघाला नऊ मुली जमवताना जी दमछाक होते ती क्रीडाविभागाच्या प्राध्यापकांना विचारावी. देवधरांच्या घरी एक नव्हे, तीन मुली राष्ट्रीय पातळीवर पोचल्या. बाहेरच्या मुलांना शिकवणारे पुष्कळ असतात, पण तेच घरातल्या मुलींना शिकवण्याचे धैर्य थोड्यांना होते. प्रशिक्षक म्हणून त्यांची परीक्षा घ्यायची तर मी २४६ धावांआधी हे पान उघडीन.

खेळ थांबल्यावर ते क्रिकेटच्या कारभारात राहिले. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष, भारतीय मंडळाचे उपाध्यक्ष, राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य अशी पदे त्यांनी भूषवली. मराठीत आणि इंग्रजीत त्यांनी क्रिकेटवर आणि स्वतःच्या आयुष्यावर लिहिले. या पदांविषयी लांबण लावण्यासारखे मला काही आढळत नाही. पदे अनेकांना मिळतात. ज्या समित्यांनी कधी काळी त्यांना कसोटीबाहेर ठेवले तशाच समितीवर बसून त्यांना इतरांचे भवितव्य ठरवावे लागले, एवढे मात्र नमूद करण्याजोगे आहे. त्यांनी तयार केलेल्या हवेचा परिणाम मागे राहिला हे निश्चित. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यातच भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला असता प्रतिपक्षाने खेळच सोडून दिला. निंबाळकरही आयुष्यात एकही कसोटी खेळले नाहीत. महाराष्ट्राच्या फलंदाजांच्या कुंडलीत काहीतरी होते खरे!

१९६५ मध्ये देवधरांना पद्मश्री मिळाली. १९७३-७४ पासून विभागीय संघांची मर्यादित षट्कांची स्पर्धा सुरू झाली आणि तिला त्यांचे नाव दिले गेले. पहिला करंडक दक्षिण विभागाने जिंकला. दोन-दोन दिवस खेळपट्टी न सोडणाऱ्या माणसाचे नाव एका दिवसात संपणाऱ्या क्रिकेटला द्यावे, हा मंडळाचा विनोद नकळत घडलेला असावा. तेव्हा ते ऐंशी ओलांडलेले होते आणि आपल्या नावाच्या स्पर्धेचे निकाल पुढे वीस वर्षे स्वतः वाचत होते. हे भाग्य रणजींना किंवा दुलीपसिंहांना लाभले नाही.

आपल्या गोव्याला या वर्तुळात यायला उशीर झाला. पोर्तुगीज अमदानीत येथे फुटबॉल रुजला, आणि क्रिकेट खेळले गेले ते आपल्या खेड्यांत आजही जसे खेळतात तसे: सरद भाताची कापणी झाली की ज्या शेतात वायंगण होत नाही तेथे, यष्ट्यांच्या जागी एकावर एक तीन चिरे रचून. रणजी करंडकात गोव्याचा संघ उतरला तो १९८५-८६ मध्ये, म्हणजे महाराष्ट्राने देवधरांच्या नेतृत्वाखाली करंडक जिंकल्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी. विभागांच्या वाटणीत गोव्याला पश्चिमेऐवजी दक्षिण विभागात घातले. त्यामुळे देवधर करंडकासाठी आपला एखादा मुलगा निवडला गेलाच तर तो महाराष्ट्राबरोबर खेळत नाही. कर्नाटकाच्या मुलांच्या खांद्याला खांदा लावून महाराष्ट्राच्या विभागाविरुद्ध खेळतो. मराठीत विचार करणाऱ्याला हे जरा विचित्र वाटते, कन्नड विभागातील वाचकांना ते सोयीचे वाटेल. २०१९-२० नंतर ही स्पर्धा काही वर्षे बंद राहिली. २०२३ च्या उन्हाळ्यानंतर ती पुदुच्चेरी येथे पुन्हा झाली आणि पहिल्या वर्षाप्रमाणे त्या वर्षीही दक्षिण विभागच जिंकला.

१९९१ साली देवधरांना पद्मभूषण दिले गेले. १४ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी शंभरी पूर्ण केली. शंभर वर्षे जगलेले प्रथम दर्जाचे क्रिकेटपटू जगातही मोजकेच आहेत. शंभरीनंतरही ते दीड वर्ष होते. २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. जन्म झाला तेव्हा हिंदू संघाला साहेबांच्या मैदानावर खेळायला परवानगी काढावी लागे. गेले तेव्हा भारताने विश्वचषक जिंकून दहा वर्षे झाली होती.

१९९६ मध्ये टपाल खात्याने चार क्रिकेटपटूंवर तिकिटे काढली. नायडू, मर्चंट, विनू मंकड आणि देवधर. पहिले तिघे कसोटीवीर.